डिशमधली सहा बीजं

सकाळी साडेसातला इन्क्युबेटरमधून डिश काढली. आदल्या दुपारी नऊ बीजांत शुक्राणू टोचले होते. सोळा-अठरा तासांनी फलन झालंय का ते बघायचं असतं. सहांमध्ये दोन-दोन केंद्रकं दिसली, एक बीजाचं, एक शुक्राणूचं, शेजारीशेजारी टेकलेली, अजून एकमेकांत मिसळायची होती. मग फलन झालं म्हणायचं की व्हायचंय म्हणायचं? एरवी आम्ही नोंदवहीत 'झालं' लिहून पुढे जातो. त्या दिवशी पेन थांबलं.

८ नोव्हेंबर २०११, मंगळवार. अमेरिकेतल्या मिसिसिपीत 'इनिशिएटिव्ह २६'वर मतदान होतं. फलनाच्या क्षणापासून प्रत्येक मानवी जीव 'व्यक्ती' धरावा, असा बदल राज्याच्या घटनेत करायचा होता. गव्हर्नरपदाचे दोन्ही प्रमुख उमेदवार त्याच्या बाजूचे. मी व्हिसावर आलेली, मला मत नव्हतं. पण ज्यांच्याबद्दल हे चाललं होतं ते भ्रूण माझ्या ताब्यात होते, टाकीत, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये. समर्थक सांगत होते, आयव्हीएफ बंद होणार नाही. पण वितळवताना एखादा भ्रूण गेला तर जबाबदार कोण, हे त्या मजकुरात कुठेच नव्हतं. आणि वितळवताना भ्रूण जातात.

त्याच सकाळी एका बाईंच्या चार भ्रूणांपैकी दोन वितळवले. काही वर्षांपूर्वी जुन्या, हळू गोठवण्याच्या पद्धतीने ठेवलेले. एकाच्या पेशी हळूहळू फुगून चकचकीत झाल्या. दुसऱ्याच्या आठपैकी सहा काळवंडलेल्या, आक्रसलेल्या. वीस मिनिटं वाट पाहिली; उगाच, मला कळलं होतं.

त्यांना सांगायला गेले. गळ्यात क्रॉस, हातात नवऱ्याचा हात. ऐकून त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "चौघांसाठीही मी रोज प्रार्थना करते. हा गेला याचं मला दुःख आहे. पण डॉक्टर, तुम्ही त्याला मारलं असं कुणी म्हणालं तर मला ते चालणार नाही." सकाळी सातलाच 'नाही' असं मत देऊन आल्या होत्या. नवऱ्याला माहीत होतं, चर्चमध्ये कुणाला नाही.

इतकी वर्षं मी हे काम करतेय. भ्रूणाबद्दल आदर म्हणजे काय, ते मला त्या बाईंच्या दुःखात दिसलं. कायद्यातल्या त्या 'क्षणा'त नाही. तो क्षण मी रोज भिंगाखाली शोधते. तिथे असतात तास, एकामागून एक होत जाणाऱ्या गोष्टी, आणि मध्येच थांबणाऱ्याही.

वाचलेला भ्रूण दुपारी त्यांच्या गर्भाशयात सोडला. पडद्यावर तो पांढरा ठिपका दिसला तसा त्यांनी माझा हात घट्ट धरला. रात्री निकाल लागला: सुमारे ५८ टक्के लोक विरोधात. आईचा सांगलीहून फोन आला, "झोप आता तरी." झोप लागली नाही.

बुधवारी सकाळी पुन्हा तीच डिश. सहांपैकी चार विभागले होते. दोन आपोआप थांबले होते, कुणीही हात न लावता. मी वेळ लिहिली, सही केली आणि डिश परत आत ठेवली.