दुसरी क्लच प्लेट

अकरा महिन्यांत दुसऱ्यांदा त्याच गाडीची क्लच प्लेट बदलायला गिअरबॉक्स खाली उतरवला, तेव्हा आमच्या वर्कशॉपमध्ये सगळ्यांचं एकमत झालं होतं: गिऱ्हाईक गाडी मारतंय. गिऱ्हाईकाचं म्हणणं उलटं, गाडीतच खोट आहे. मी सर्व्हिस ॲडव्हायझर, म्हणजे दोन्हीकडून ऐकून घेणारा.

प्लेट हातात घेतली. अस्तर रिव्हेटपर्यंत घासलेलं, प्लेट जिला दाबून बसते त्या इंजिनाच्या चकतीवर, फ्लायव्हीलवर, निळसर डाग. लोखंड निळं पडतं ते तापल्यामुळे, आणि तापतं ते क्लच पुरता न पकडता घसरत राहिल्यामुळे. नीट वापरली तर प्लेट लाखभर किलोमीटर जाताना मी पाहिली आहे. इथे पहिली ९,००० ला गेली आणि दुसरी त्याच्याही आधी. क्लच, ब्रेक पॅड, वायपर ही मंडळी झिजणाऱ्यांत मोडतात. बनावटीतला दोष दिसला तरच वॉरंटी. त्यामुळे जॉब कार्डावर ‘चालवण्याची पद्धत’ एवढं लिहिलं की आम्ही मोकळे.

लिहिणारच होतो. पण हे गृहस्थ ओरडत नव्हते. ओरडणाऱ्याला नाही म्हणणं सोपं असतं. ते म्हणाले, “सत्तावीस वर्षं गाडी चालवतोय. तुम्ही एकदा माझ्या शेजारी बसा आणि माझं काय चुकतं ते दाखवा. दाखवलंत तर मुकाट्याने पैसे देतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी प्लेट बसवलेल्या त्या गाडीत, त्यांच्या रोजच्या ऑफिसच्या रस्त्याला, मी शेजारी बसलो.

खरं सांगायचं तर मी एखादा अडाणी चालवणारा बघायच्या तयारीत होतो. हे तर माझ्यापेक्षा चांगले निघाले. लेन बदलायच्या आधी इंडिकेटर (बहुतेक जण बदलून झाल्यावर देतात, आभार मानल्यासारखा). हॉर्न नाही. पुढची गाडी एखादा खांब ओलांडते तिथून मनात दोन सेकंद मोजून अंतर राखायचे. ६० च्या वेगाला गाडी सेकंदाला १६-१७ मीटर कापते, म्हणजे ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढं अंतर गेलेलं असतं, हे त्यांनीच मला सुनावलं.

आणि मतं! ऑटोमॅटिक घेतो तो ड्रायव्हर नव्हे, पॅसेंजर. मोठ्या गाडीवाल्याला आरसे नसतात. मधल्या लेनमध्ये रांगणारा माणूस घरीही कोणाचं ऐकत नसणार. माझी हसून पुरेवाट झाली.

मग एक उतार लागला आणि त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकली. “पेट्रोल वाचतं,” म्हणाले. मला राहवेना. “सर, ते कार्ब्युरेटरच्या काळातलं. आता इंजेक्शन आहे. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोल बंद होतं. न्यूट्रलला मात्र इंजिन जिवंत ठेवायला थोडं थोडं जळत राहतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळाच.”

ते जरा वेळ गप्प. मग म्हणाले, “इतक्या वर्षांत कोणी बोललं नाही हो.”

कोण बोलणार? लायसन्सची परीक्षा झाली की आपल्या पायांकडे बघायला शेजारी कोणी बसतंच नाही. जे बसतात ते मोबाइल बघतात.

पुढे चढावर सिग्नल लागला आणि निम्मं उत्तर मिळालं. हॅंडब्रेक नाही, फूटब्रेक नाही. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी तोलून धरलेली, इंजिन गुरगुरतंय. सिग्नल हिरवा होईपर्यंत तसंच. “मागचे अगदी बंपरला चिकटतात,” ते म्हणाले. “आपली इंचभर जरी मागे गेली...” म्हणजे दुसऱ्याच्या गाडीला धक्का लागू नये म्हणून हा सज्जन माणूस रोज स्वतःची प्लेट भाजत होता. हॅंडब्रेक ओढून, क्लच पकडू लागला की सोडायचा, हे त्यांना येत होतं. करत नव्हते, एवढंच.

पण चढ एकच होता. तेवढ्याने ९,००० चा हिशेब लागेना. मी खाली पाहिलं. चौथ्या गिअरमध्ये, मोकळ्या रस्त्यावर, डावा पाय क्लचवर.

“सर, पाय क्लचवर आहे.”

“छे, मी बाजूला ठेवतो,” म्हणाले, आणि खाली बघून ओशाळले.

पायाचं नुसतं ओझंही पुरतं. पेडल थोडं दबलं की पेडलचा दाब पोचवणारं रिलीज बेअरिंग प्लेट दाबून धरणाऱ्या स्प्रिंगवर रेटत राहतं, प्लेटवरची पकड सैल होते आणि ती बारीक बारीक घसरते. चालवणाऱ्याला काही जाणवतही नाही.

कडेला थांबून मी म्हटलं, “आता बाजूला ठेवून दाखवा.” त्यांनी ठेवला. पाय घसरून परत क्लचपाशी आला. पुन्हा ठेवला, पुन्हा आला. मी वाकून पाहिलं. क्लचच्या डावीकडे पाय टेकवायला एक तिरकी पायरी असते, डेड पेडल. ती दिसेचना. कंपनीच्या मॅटवर दुसरी जाडजूड, गुळगुळीत मॅट टाकलेली आणि तिची उचललेली कड बरोबर त्या पायरीवर आलेली. डाव्या पायाला बसायला जागाच नव्हती. वर ही मॅट हुकात अडकवलेली नाही, म्हणजे उद्या ॲक्सिलरेटरखालीही सरकली असती. २००९ मध्ये टोयोटाला याच धास्तीपायी अमेरिकेत सुमारे ३८ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या.

“ही कुठून घेतलीत?” मी विचारलं.

“तुमच्याकडूनच. गाडी ताब्यात देताना तुमच्या लोकांनीच टाकून दिली.”

मॅट उलटी केली. आमचंच स्टिकर.

परत येताना ती मागच्या सीटवर होती. दुसऱ्या सिग्नलनंतर पाय आपसूक क्लचवर गेला. या वेळी त्यांनीच पकडला. “गेला बघा परत,” म्हणाले, आणि रागाने उचलून बाजूला ठेवला.

जॉब कार्डावर मी दोन्ही लिहिलं: चढावर हाफ क्लच, आणि आपल्या काउंटरवरून दिलेली मॅट. मॅनेजरने दोनदा वाचून विचारलं, “हे असंच पाठवायचं?” मी मॅट त्यांच्या टेबलावर ठेवली. बरीच खळखळ झाली. शेवटी प्लेट आमच्याकडून, मजुरी गिऱ्हाईकाकडून.

ती मॅट ते न्यायला आलेच नाहीत, अजून माझ्या टेबलाखाली पडून आहे. तसलीच नवी कोरी, प्लॅस्टिकच्या पिशवीतली, खाली काउंटरवर विकायला आहे.