मांस खावं की नाही: दातांवरून भांडून काय मिळणार

मांसाहाराचा विषय निघाला की पाच मिनिटांत गाडी दातांवर येते. एक जण म्हणतो आपल्याला सुळे आहेत म्हणजे माणूस मांसाहारीच, दुसरा म्हणतो आपलं आतडं बघ किती लांब, वाघासारखं आखूड आहे का, आणि मग हमरीतुमरी. मला या मुद्द्याचा आता खरंच कंटाळा आलाय. गोरिलाचे सुळे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे असतात आणि तो जवळजवळ सगळं आयुष्य पाला, देठ न् फळांवर काढतो. आणि उलट बाजूने बघितलं तर इथिओपियात गोना म्हणून जागा आहे तिथे साधारण 26 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडलीत, दगडाने कापल्याच्या खुणा असलेली हाडंही मिळालीत, त्यामुळे 'माणूस मुळात शाकाहारी' हेही काही खरं नाही. आपल्याला दोन्ही पचतं, एवढंच. पण पचतं म्हणून खावंच, हे कुठून आलं? नर सिंह दुसऱ्याची पिल्लं मारतो, तेही निसर्गातच घडतं की, पण त्याचा दाखला आपण कधी देत नाही.

मला विचाराल तर बघायचं एवढंच की मला त्याची गरज आहे का आणि त्यासाठी त्या जनावराला काय भोगावं लागतं.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेल्या कोंबडीचंच घ्या. अंड्यातून बाहेर येते तेव्हा जेमतेम 40 ग्रॅमचं पिल्लू असतं, आणि साधारण सहा आठवड्यांत ते दोन-अडीच किलोचं होतं कारण जातच तशी तयार केलीये. एरवी कोंबडी पाच-सात वर्षं सहज जगू शकते. इथे छातीचं मांस इतक्या वेगाने वाढतं की पायांची हाडं मागे पडतात, बरीच पिल्लं शेवटच्या दिवसांत लंगडतात, नाहीतर बसूनच राहतात. आणि हे कुठेतरी अपवादाने होतं असं नाही. जगात दरवर्षी 70 अब्जांहून जास्त जमिनीवरचे प्राणी खाण्यासाठी मारले जातात आणि त्यातल्या बहुतेक कोंबड्याच असतात.

माशांची तर संख्यासुद्धा कोणी नीट मोजत नाही, ते टनात मोजतात. माशाला कसलं दुखतंय, असं अगदी हळव्या मनाची माणसंही बिनदिक्कत म्हणतात. 2003 मध्ये शास्त्रज्ञांनी ट्राउट माशांच्या ओठांत अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड टोचून बघितलं होतं, तर ते मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासायला लागले, कितीतरी वेळ खायला आले नाहीत, आणि मॉर्फिन दिल्यावर ते घासणं कमी झालं. हे वाचल्यापासून 'माशाला कळत नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघूच शकत नाही.

मग हमखास येतो तो मुद्दा, झाडांनाही जीव असतो. असतो ना! पण झाडाला मेंदू नाही, मज्जातंतू नाहीत, आणि समजा क्षणभर धरलं की त्यालाही दुखतं, तरी जनावर काय हवा खाऊन वाढतं का? त्याला चारा लागतो, मका लागतो, सोयाबीन लागतं, म्हणजे मांस खाऊन झाडंही जास्तच मरणार. 2018 मध्ये 119 देशांतल्या शेतांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला होता, त्यात निघालं की मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासाठी जगातली सुमारे 83 टक्के शेतजमीन अडकते आणि त्यातून आपल्याला मिळतात सुमारे 18 टक्के कॅलरीज आणि 37 टक्के प्रोटीन. अर्थात यात गवताळ रानंही धरलीत, आणि त्यातल्या बऱ्याच जमिनीत धान्य पिकणारच नाही, तिथे राहणारा माणूस जनावरांवरच जगतो. त्याला शहरात बसून उपदेश करायला मला अजिबात आवडत नाही. माझं म्हणणं आहे ते ज्यांच्यासमोर खायला दहा पर्याय आहेत त्यांच्यासाठी.

आणि हो, यात दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहाऱ्यांनी फार ताठ मानेने बसायचं कारण नाही. गाय व्यायली तरच दूध देते, आणि निम्मी वासरं नर होतात, डेअरीला त्यांचा काही उपयोग नसतो, पुढे त्यांचं काय होतं हे विचारायला कोणाला आवडत नाही. अंड्यांच्या जातीतल्या नर पिल्लांचं तर त्याहून वाईट, ती अंडी देणार नाहीत आणि मांसासाठी पुरेशी वाढणारही नाहीत म्हणून पहिल्याच दिवशी मारून टाकतात. जर्मनीने 2022 पासून यावर बंदी आणली, पण बाकी बऱ्याच ठिकाणी आजही हेच चालतं.

मी मांस खात नाही, दूधही बंद केलंय. पण माझ्यासारखे मांस-दूध सोडलेले लोक 'सगळं झाडांतून मिळतं' म्हणतात ना, ते मला पटत नाही आणि ते धोक्याचं आहे. बी12 हे जीवनसत्त्व झाडांतून मिळत नाही, ते बॅक्टेरिया बनवतात, त्यामुळे गोळी किंवा बी12 घातलेले पदार्थ घ्यावेच लागतात. नाही घेतलं तर नसांवर परिणाम होतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर ही हयगय परवडणारीच नाही.

आता ज्याच्यावर कोणी फारसं बोलत नाही ते. हवामानासाठी म्हणून लोक बीफ सोडतात आणि चिकनवर येतात. कार्बनच्या हिशोबात ते बरोबरच आहे, बीफचं उत्सर्जन कितीतरी पट जास्त असतं. पण एका मोठ्या जनावरातून दोनशे किलोच्या आसपास मांस मिळतं, तेवढ्यासाठी शंभरावर कोंबड्या लागतात, आणि त्या शंभर जणींचं आयुष्य वर सांगितलं तसं. म्हणजे पृथ्वीचा विचार एकीकडे ओढतो आणि जनावराचा दुसरीकडे. मला कोणी विचारतं ना की सगळं एकदम जमणार नाही, आधी काय सोडू, तेव्हा मी आधी चिकन आणि अंडी म्हणते. त्यावर पर्यावरणवाले मित्र माझ्याशी भांडतात, त्यांचा मुद्दा मला कळतोही, पण बीफच्या जागी डाळी, सोयाबीन आलं तर दोन्ही साधतं, चिकन आलं तर नाही.