तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडू गेला, मग तुम्ही का नाही गेलात?

"शादलू हरियाणाला गेला, तरी तुम्ही अजून पुणेरी पलटणलाच का धरून बसलात?" पलटण म्हणजे प्रो कबड्डीतला पुण्याचा संघ, आणि शादलू त्याचा जुना खेळाडू. हा प्रश्न मला टपरीवर विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, हिवाळ्यात मळ्यातल्या भरीत पार्टीत तर हमखास विचारतात. आणि त्याच्या शेपटाला दुसरा असतोच: "तसंही भाऊ, तुम्ही अमळनेरचे. पुण्याशी तुमचा काय संबंध?"

दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. खानदेशाचा स्वतःचा व्यावसायिक संघ नाही. क्रिकेटच्या रणजी स्पर्धेत विदर्भाला वेगळा संघ आहे आणि त्यांनी 2017-18, 2018-19 आणि 2024-25 असा तीनदा करंडक नेला. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोराला मात्र महाराष्ट्राच्या संघाकडे बघावं लागतं, आणि त्या संघाचं घर पुण्यात आहे. 1990 मध्ये जळगावला विद्यापीठ झालं, तोवर आमची कॉलेजंही पुणे विद्यापीठाखाली होती. आजही आमच्याकडच्या किती घरांतलं एखादं पोरगं शिकायला नाहीतर नोकरीला पुण्यातच असतं. एवढा संबंध मला पुरतो.

आता शादलूचं. इराणचा मोहम्मदरेझा शादलू. डाव्या कोपऱ्यात उभा राहिला की चढाई करणारा दोनदा विचार करतो. पलटणने त्याला 2 कोटी 35 लाखांना घेतलं आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा प्रो कबड्डी जिंकली. पुढच्या लिलावाआधी पलटणने त्याला सोडलं. हरियाणाने 2 कोटी 7 लाखांना उचललं. त्याच वर्षीच्या 29 डिसेंबरला, तेही पुण्यात बालेवाडीला, हरियाणा विजेता झाला. समोर पाटणा होतं. शादलूने सात गुण घेतले आणि नऊ घेतले ते महाराष्ट्राच्याच शिवम पठारेने. माझा एक मित्र त्या रात्री अहिराणीत म्हणाला, "मंग, आते तू कोना?"

मी पलटणचाच. पण शादलूच्या पकडींना त्या रात्री टाळ्या वाजवल्या, आणि त्यात मला काही विसंगत वाटत नाही. लिलावात खेळाडू हात वर करत नाही, मालक करतो. ज्याला स्वतःचा संघ निवडायचा हक्कच नाही त्याच्याकडे निष्ठा मागायची कुठल्या तोंडाने? निष्ठा माझी आहे, मी ती संघाला दिली आहे, आणि तिची वसुली मी कुणा खेळाडूकडून करत नाही. 2022 मध्ये पलटण अंतिम सामन्यात जयपूरकडून हरली, 2025 मध्ये दिल्लीकडून तीन गुणांनी हरली. दोन्ही वेळा जेवण गेलं नाही. संघ मात्र बदलावासा वाटला नाही.

निवडायचा हक्क असेल तेव्हाही माझं मत हेच आहे. वसीम जाफर मुंबईचा एवढा मोठा फलंदाज, 2015 मध्ये विदर्भाकडे गेला आणि त्यांच्या पहिल्या दोन्ही रणजी विजेतेपदांत खेळला. कुणी त्याला गद्दार म्हणालं तर मी भांडतो. भुसावळ तर रेल्वेचं गाव, तिथल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागली की पोरगा राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेकडून खेळतो आणि कधीतरी आपल्याच महाराष्ट्रासमोर उभा राहतो. घरी बापाची चार एकर कोरडवाहू कपाशी असेल तर त्याने काय करावं? राज्याच्या नावासाठी पगार सोडावा?

कॉलेजच्या खेळात हा प्रश्न जास्त टोचतो, कारण तिथे पैसा कमी आणि माया जास्त. आमच्या विद्यापीठात जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार असे खेळाचे विभाग आहेत. आधी कॉलेज कॉलेजशी भिडतं, मग विभाग विभागाशी, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निवडतात. काल ज्याने तुझा घोटा धरून तुला मॅटवर आपटलं, तोच विद्यापीठांच्या पश्चिम विभागीय स्पर्धेला तुझ्या शेजारच्या कोपऱ्यात उभा असतो आणि त्याच्यावर तुला डोळे मिटून भरवसा ठेवावा लागतो. मला खेळातलं हे सगळ्यात जास्त आवडतं. हे बघायला मैदानावर जेमतेम पन्नास माणसं असतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जूनमध्ये चांगली कॉलेजं चांगली पोरं शोधत फिरतात. फी माफ, वसतिगृह, दोन वेळचं जेवण. धडगाव-अक्कलकुव्याकडचा एखादा पोरगा या तीन गोष्टींसाठी जवळचं कॉलेज सोडून लांबच्या कॉलेजात गेला तर त्याला बेइमान म्हणणाऱ्याने आधी त्याच्या पाड्यावर जाऊन यावं. पण जो वर्गात एक दिवस बसत नाही, ज्याचा प्रवेश केवळ स्पर्धेपुरता कागदावर आहे, त्याला उतरवून ढाल जिंकणाऱ्यांबद्दल मला जराही सहानुभूती नाही. त्या एका जागेसाठी वर्षभर पहाटे पाचला उठलेला, खरोखर तिथे शिकणारा पोरगा बाहेर बसतो. जो सामना झालाच नाही तो जिंकल्याचा आनंद कसला?

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. तिकडे कॉलेजची फुटबॉल मैदानं लाखालाखाने भरतात. त्याची तक्रार अशी की खेळाडू आता दरवर्षी कॉलेज बदलतात. 2021 पासून त्यांना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा आहे आणि 2025 पासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. मी त्याला म्हटलं, बाबा, प्रशिक्षक लाखो डॉलर घेऊन कॉलेज बदलायचे तेव्हा कुणी निष्ठा काढली होती का?

निष्ठा मागायचीच तर ती संघ चालवणाऱ्यांकडे मागा. पुण्याने आयपीएलमध्ये काय भोगलं? पुणे वॉरियर्स 2011 ला आले, 2013 नंतर संपले. रायझिंग पुणे तर मुळातच दोन हंगामांच्या कराराचा संघ. 2017 चा अंतिम सामना मुंबईने 129 धावा करून एका धावेने जिंकला, आणि तो पुण्याचा शेवटचा सामना ठरला. मुंबई जिंकली याचं दुःख आठवड्यात ओसरलं. पुढच्या वर्षी ओरडायला संघच नव्हता, ते दुःख अजून आहे.

आणि प्रतिस्पर्धी तगडा हवा. गावच्या दंगलीत लोक रोख इनाम लावतात ते काटा कुस्तीला. नुरा, म्हणजे आधीच ठरवून खेळलेल्या, कुस्तीचा वास आला की आमचे म्हातारे फड सोडून उठतात. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव-बगळीच्या विजय चौधरीने 2014, 2015 आणि 2016 अशी तीनदा महाराष्ट्र केसरीची गदा आणली. तिसऱ्या वेळी कुस्ती पुण्यात आणि समोर पुण्याचाच अभिजित कटके. सगळा खानदेश विजयच्या मागे होता, मीही होतो. पुढच्याच वर्षी कटके महाराष्ट्र केसरी झाला. तेव्हा मला विजयच्या आदल्या वर्षीच्या कुस्तीची किंमत जास्त कळली, आणि कटकेबद्दलही आनंद झाला.

शेवटी सगळे एकच विचारतात: उद्या खानदेशचा संघ निघाला तर? तर मी पहिल्या दिवसापासून खानदेशचा, समोर पलटण असली तरी. हरत राहिला तरी चालेल. मालकाला माझं एवढंच सांगणं राहील की निदान दहा वर्षं तरी गाशा गुंडाळू नका, आणि सराव जळगाव-धुळ्यात घ्या, म्हणजे आमची कॉलेजची पोरं संध्याकाळी येऊन बघू शकतील.