चेसिसला पावडर, टाकीला स्प्रे

आज वाळूज एमआयडीसीत राजदूत मोटरसायकलची चेसिस, स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा दांडा) आणि स्टँड पावडर कोटिंगला टाकून आलो. घरच्यांचं म्हणणं, "स्प्रेचे दोन डबे आण अन् मार की अंगणातच!" स्वस्त पडलं असतं, खरंय. पण आमच्या गावाकडच्या रस्त्यावर खडी उडते, चेसिसच्या खालच्या अंगाला साध्या स्प्रेचे टवके निघायला वेळ लागत नाही.

कोटिंगवाल्यानं हातात घेताच विचारलं, "भाऊ, बुश-बेअरिंग काढले का समदे?" पावडरला विजेचा भार देऊन ती लोखंडावर बसवतात, मग साधारण १८० ते २०० अंशाच्या भट्टीत वितळवतात. रबर, प्लास्टिक, ग्रीस काहीच त्यात टिकत नाही. नट-बोल्टचे आटे झाकायचे आणि अर्थिंगची जागा कोरी ठेवायची, हेही बजावून आलो. नाहीतर लाइट लागत नाही म्हणून वायरिंग शोधत बसायचं.

टाकी मात्र दिली नाही. तिच्या पोचांत जुनी लांबी (पुट्टी) भरलेली आहे, भट्टीत ती फुगणार किंवा तडकणार. शिवाय उद्या ओरखडा पडला तर स्प्रेनं डागडुजी जमते, पावडरचा जोड लपत नाही. टाकीला हार्डनर (रंग कडक करणारं रसायन) घातलेला स्प्रेचा रंगच बरा, तोही सकाळी. एप्रिलच्या दुपारी आपल्याकडे रंगाचे तुषार हवेतच सुकतात आणि टाकी खरखरीत होते. धूळ वेगळीच.

चेसिसला चकचकीत काळा की सेमी-मॅट, एवढं तेवढं ठरेना. कुणी सेमी-मॅट केला असेल तर फोटो टाका राव.