सावलीनं दाखवलेली वाट

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागवला तेव्हाच ओळखलं, की बाकीचे सगळे स्नेहसंमेलन, सहली आणि छड्या यांवर लिहिणार. लिहू देत. मला नववीतल्या वाचनाच्या तासाला आमच्या सरांनी विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल लिहायचं आहे. पुस्तक होतं ज्यूल्स व्हर्नचं, १८६४ सालचं ‘पृथ्वीच्या केंद्राकडे प्रवास’. सरांनी विचारलं, “या तिघांना वाट कोण दाखवतं?” कुणी म्हणालं प्रोफेसर लिडेनब्रॉक, कुणी म्हणालं वाटाड्या हान्स. हुशार मुलांनी साक्नुसेमचं नाव घेतलं, म्हणजे सोळाव्या शतकात पृथ्वीच्या पोटात जायची वाट सांगणारी चिठ्ठी गुप्त लिपीत लिहून ठेवणारा तो आइसलँडचा किमयागार. सर म्हणाले, “नीट वाचा. वाट सावली दाखवते.”

आणि खरंच तसं आहे. स्नेफेल्स या विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात, अगदी तळाशी, तीन भोकं आहेत. पाताळात नेणारं त्यातलं नेमकं कोणतं? चिठ्ठीत लिहिलंय, की जुलै लागण्याच्या आधी स्कार्टारिस या सुळक्याची सावली ज्याच्यावर पडेल, ते. मंडळी वेळेवर पोचतात, तर आभाळ गच्च भरलेलं. ऊन नाही म्हणजे सावली नाही, आणि महिना असाच सरला तर थेट पुढच्या वर्षीची वाट बघायची. प्रोफेसरांचा नुसता जळफळाट. पुतण्या ॲक्सेल मनातल्या मनात खूश, कारण त्याला खाली जायचंच नाहीये. अखेर २८ जूनला आभाळ फाटतं, भर दुपारी सुळक्याची सावली सरकत सरकत मधल्या भोकाच्या काठाला लागते आणि मोहीम सुरू होते.

तोवर आमच्या डोक्यात साधं गणित होतं. उजेड म्हणजे ज्ञान, अंधार म्हणजे अज्ञान; निबंधात हे लिहिलं की गुण ठरलेले. सरांनी ते गणित त्या तासाला मोडलं आणि पुढचे काही आठवडे आम्हाला एकच काम दिलं. प्रत्येक प्रसंगात उजेड कुठून येतोय ते शोधायचं आणि वहीत टिपायचं.

पुढे मी नाटकांच्या प्रकाशयोजनेत पडलो, त्यामुळे ती सवय सुटायचा प्रश्नच आला नाही. आज पुस्तक वाचताना मला व्हर्न आधी लाइटवाला वाटतो, मग लेखक. बघा ना, खाली उतरण्याआधी तो आपल्याला कुठे नेतो? जूनमधल्या आइसलँडला, जिथे रात्र होतच नाही. ॲक्सेल डोंगरमाथ्यावर पोचतो रात्री अकराला, आणि मध्यरात्रीचा सूर्य खाली झोपलेल्या बेटावर फिकट किरणं टाकत असतो. रात्र नसलेल्या मुलखातून दिवस नसलेल्या मुलखात. रंगमंचावर ब्लॅकआउट करायचा तर त्याच्या आधी लख्ख उजेड लागतो, नाहीतर प्रेक्षकांना काळोख जाणवत नाही. व्हर्नला हे कुणी शिकवलं असेल कोण जाणे.

मग येतो रुमकॉर्फ या उपकरणकाराच्या नावाचा दिवा. बॅटरी झोळीत, तिला जोडलेलं विजेचं वेटोळं, आणि कंदिलात वळणावळणाची काचेची नळी. तिच्यात अगदी विरळ वायू असतो, वीज खेळली की तो पांढरट उजळतो. ज्योत नाही. याचा फायदा कोळशाच्या थरांमधून जाताना कळतो. तिथल्या हवेत स्फोटक वायू भरलेला असतो, मशाल नेली असती तर तिघांच्या चिंधड्या झाल्या असत्या. ज्याच्या वेटोळ्यावर हा दिवा चालतो त्या रुमकॉर्फला १८६४ सालीच फ्रान्सचा पन्नास हजार फ्रँकचा पुरस्कार मिळाला होता. व्हर्न तेव्हाची ताजी बातमी गोष्टीत वापरत होता.

माझं सगळ्यात आवडतं प्रकरण मात्र दिवा विझतो ते. ॲक्सेल एकटा वाट चुकतो, पडतो, दिव्याला मार लागतो आणि उजेड मंदावायला लागतो. दिव्याचा उजेड कमी-जास्त करणारा डिमर हळूहळू खाली यावा तसा, भिंतींवरच्या सावल्यांसकट. तो पापणी लववायलाही घाबरतो, तेवढ्यात शेवटचा कण निसटला तर? मग काहीच नाही. पृथ्वीवर कितीही काळोखी रात्र असली तरी उजेडाचा थोडा अंश उरतो, इथे तोही नाही, असं तो सांगतो. आम्ही मुलं हे वाचताना गप्प व्हायचो.

आणि याच काळोखात पुस्तकातलं सगळ्यात चोख गणित होतं. खडकातून अस्पष्ट कुजबुज ऐकू येते, मग काकांचा, म्हणजे प्रोफेसरांचा आवाज. भिंत आवाज वाहून नेतेय. काका घड्याळ लावतात. हाक गेली आणि उत्तर आलं, मध्ये चाळीस सेकंद. म्हणजे एका बाजूला वीस. आवाजाचा वेग सेकंदाला १,०२० फूट धरला, तर अंतर २०,४०० फूट, म्हणजे लीग या जुन्या मापात दीड लीगहून थोडं जास्त. एकमेकांना पाहू न शकणारी दोन माणसं हे असं शांतपणे मोजतात. सरांनी हे गणित फळ्यावर मांडलं होतं, मराठीच्या तासाला.

आता याच्या उलट टोक. खाली समुद्र सापडतो, त्याच्यावर विजेचा पांढरा, थंड उजेड पसरलेला, ध्रुवप्रकाश कायमचा लावून ठेवल्यासारखा. दिसतं सगळं, पण ॲक्सेलला उदास वाटतं. पुढे हाडांचं मैदान लागतं आणि तिथे उजेड चारी बाजूंनी इतका सारखा पडतो, की कशाचीच सावली पडत नाही. ॲक्सेलला जर्मन लेखक हॉफमनच्या गोष्टीतला सावली हरवलेला माणूस आठवतो. आमच्या धंद्यात याला फ्लॅट लाइट म्हणतात. चेहरा दिसतो, खोलपणा मरतो. अशा उजेडात काय दिसतं? बारा फुटांहून उंच माणूस, अवाढव्य हत्तींचा कळप राखणारा! काका-पुतणे पळ काढतात. आणि नंतर ॲक्सेल स्वतःच म्हणतो, की ते खरं नसावं, भास झाला असावा.

मिट्ट काळोखात फुटांपर्यंत हिशोब पक्का, लख्ख उजेडात डोळ्यांवर भरवसा नाही. हे मला शाळेत दिसलं नव्हतं. सरांनी ते मुद्दाम सांगायचं राहू दिलं असेल असंही वाटतं, कारण राक्षसाच्या प्रकरणावर ते काहीच बोलले नाहीत. गंमत म्हणजे हा भाग १८६४ च्या पहिल्या आवृत्तीत नव्हताच, व्हर्ननं तो १८६७ च्या आवृत्तीत घातला. काही जाणकारांना तो ठिगळ वाटतो. मला नाही वाटत. स्कार्टारिसच्या सावलीनं सुरू झालेल्या गोष्टीला सावली नसलेली जागा हवीच होती.

शेवट मात्र मला घाईचा वाटतो. इटलीतल्या स्ट्राँबोली ज्वालामुखीच्या मुखातून तिघं बाहेर फेकले जातात, डोक्यावर सूर्य, खाली ऑलिव्हची झाडं. तराफ्यावरून तो समुद्र ओलांडताना वादळात आगीचा गोळा तराफ्यावर नाचला होता, त्यानं होकायंत्राचे ध्रुव उलटे केले होते, हा उलगडा तर हॅम्बुर्गला परतल्यावर काही महिन्यांनी होतो. उत्तरेला निघालो असं समजत ते दक्षिणेला आले होते! एवढ्या मोठ्या गोष्टीला व्हर्न जेमतेम पानभर देतो.

शाळेच्या ग्रंथालयाला या निमित्तानं मी पुस्तकाची नवी प्रत देतोय, संपूर्ण आवृत्ती. मागे एका भाचीसाठी संक्षिप्त आवृत्ती आणली होती, तीत राक्षस होता, पण सावली न पडण्याचं वाक्य गाळलेलं होतं. नव्या प्रतीत ते आहे, एकोणचाळिसाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला. नववीच्या वर्गशिक्षकांनी ती प्रत कपाटात कुलूप लावून ठेवू नये, एवढीच विनंती.