पाचवा हिस्सा की विसावा

आपल्याकडे आजोबा जाऊन तीस वर्षं होतात तरी सातबारा त्यांच्याच नावावर असतो, ना वारस नोंद ना वाटणी, पण विहिरीकडचं कुणाचं आणि बांधापलीकडचं कुणाचं हे तोंडी सगळ्या गावाला माहीत असतं. अमेरिकेत पण हुबेहूब हेच चालतं हे मला इथे नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. साउथ कॅरोलिनात मी एका छोट्या संस्थेच्या लॉ ऑफिसमध्ये पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस आहे, आणि आमच्याकडे येणारी बहुतेक सगळी कुटुंबं ब्लॅक आहेत, आजोबा-पणजोबांच्या नावावर राहिलेल्या जमिनीचे कागद लावून घ्यायला येतात. त्यातल्या एका शनिवारबद्दल लिहितेय, बरेच दिवस मनात होतं.

ब्यूफर्ट काउंटीत सेंट हेलेना नावाचं बेट आहे. यादवी युद्धात गोरे मळेवाले पळून गेले, सरकारने थकलेल्या करापोटी त्यांचे मळे जप्त केले आणि 1863 नंतर त्यातले काही दहा-दहा एकरांचे तुकडे करून नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या लोकांना विकले. विकले, फुकट दिले नाहीत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण 1865 च्या जानेवारीत उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनच्या हुकुमाने किनाऱ्यावर ज्या जमिनी वाटल्या होत्या त्या बहुतेक सगळ्या राष्ट्राध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी जुन्या मालकांना परत द्यायला लावल्या, आणि या बेटावरच्या मात्र टिकल्या, कारण लोकांकडे खरेदीचा कागद होता. पुढे मृत्युपत्रं कुणी केली नाहीत. कोर्ट गोऱ्यांचं, वकील गोरा, त्यांच्यासमोर आपली जमीन कोण उघडी करेल? बाप मुलांना तोंडी सांगून जायचा आणि मुलं तशीच राहायची.

प्रॉब्लेम असा की कायद्याने मग सगळे वारस सामाईक मालक होतात, आणि त्यातला कुणीही एक, भले त्याने ती जमीन डोळ्यांनी पाहिलेली नसो, आपला हिस्सा बाहेरच्याला विकू शकतो. तो बाहेरचा मग कोर्टात जातो की मला माझा हिस्सा वेगळा करून द्या, आणि तुकडे पाडणं जमत नाही म्हणून अख्खी जमीन लिलावात निघते, मातीमोल भावात. 1910 च्या सुमारास अमेरिकेत ब्लॅक शेतकऱ्यांकडे दीड कोटी एकरांच्या आसपास जमीन होती, त्यातली बहुतेक पुढच्या शतकात गेली, आणि जाण्याच्या वाटांमधली ही एक मोठी वाट. शेजारचं हिल्टन हेड बेट बघा, 1956 ला पूल झाला आणि नंतर गोल्फ कोर्स आणि गेटवाल्या वसाहती उभ्या राहिल्या. आज तिथे काही कुटुंबांना स्वतःच्या पूर्वजांच्या दफनभूमीत जायला सुद्धा गेटवर परवानगी घ्यावी लागते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काही बोलूच शकले नव्हते.

तर त्या शनिवारी. ज्यांची केस त्यांना गावात सगळे आंटी म्हणतात, मी पण. सत्तरी ओलांडलीय, आयुष्य गेलं हिल्टन हेडच्या हॉटेलांत चादरी बदलण्यात, पहाटेची बस पकडायची आणि अंधार पडल्यावर घरी. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये मॅथ्यू वादळात त्यांचं छप्पर उडालं. सरकारी मदत मागायला गेल्या तर घर तुमच्या नावावर असल्याचा कागद आणा म्हणाले, बँकेने पण तेच सांगितलं, शेवटी निळी ताडपत्री टाकून त्यांनी बरेच पावसाळे काढले. (हा नियम फेमाने, म्हणजे आपत्तीत मदत देणाऱ्या सरकारी संस्थेने, 2021 मध्ये बदलला, आता इतर पुरावे चालतात.) पण त्या ताडपत्रीखालीच त्यांनी ठरवलं की हे दुसऱ्या कुणावर येऊ द्यायचं नाही, आणि तेव्हापासून त्या बेटावर दारोदार जाऊन लोकांना मृत्युपत्र करायला लावतात, टॅक्स भरला का विचारतात, लोक वैतागतात तरी जातात. आणि आता त्यांच्याच दारात कोर्टाचे कागद आले होते, एका कंपनीने त्यांच्या लांबच्या पुतण्याचा हिस्सा विकत घेतला होता आणि वाटपाचा दावा लावला होता.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही भिंतीवर मोठा कागद लावून वंशावळ काढत होतो. शेजारच्या टेबलावर रेड राइस आणि तळलेले मासे, पोरं इकडून तिकडे पळतायत, लॅपटॉपवर फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्कचे नातेवाईक. आंटींच्या आजोबांच्या पिढीत पाच भावंडं, म्हणजे पाच शाखा, प्रत्येकीला पाचवा हिस्सा. कंपनीचं म्हणणं, धाकट्या शाखेत हा पुतण्या एकटाच वारस, म्हणून अख्खा पाचवा हिस्सा आमचा, दहातले दोन एकर.

पुतण्याला शिव्या देणारे बरेच होते तिथे. मला त्याचा राग येत नव्हता खरं सांगते. तो फिलाडेल्फियात वाढलेला, डायलिसिसवर, कुणीतरी फोन करून काही हजार डॉलर देतो म्हणालं ते त्याने घेतले. त्याला ती जमीन कुणी दाखवलीच नव्हती कधी.

आंटींनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आणला होता. त्यात अंत्यविधीच्या पुस्तिका. इथे ब्लॅक चर्चमध्ये माणूस गेला की चार-आठ पानांची छापील पुस्तिका वाटतात, वर फोटो, आत जीवनचरित्र आणि शेवटी मागे कोण कोण राहिलं त्यांची नावं. आमच्या कामात याच्यासारखा खजिना नाही. मी एकेक उलगडत होते, कागद पिवळे, घड्यांवर फाटलेले, आणि पुतण्याच्या वडिलांची पुस्तिका हातात आली. मागे राहिलेल्यांमध्ये पुतण्याचं नाव होतंच, पण त्याच्या आधी आणखी तीन नावं. तिन्ही घरातली लाडाची नावं, बेटावर प्रत्येकाला एक असतंच, कोर्टाच्या कुठल्याही कागदावर ती सापडणं शक्यच नाही.

'आंटी, हे तिघं कोण?'

त्यांनी चष्मा वर करून वाचलं. 'ही सव्हाना शहरातली पोरं. पहिल्या बायकोची. मोठीला मी मांडीवर खेळवलंय बेबी.'

हॉल गप्प झाला आणि लगेच सगळे एकदम बोलायला लागले. दोन्ही बायका त्या माणसाच्या आधी वारलेल्या, म्हणजे वारस फक्त मुलं, आणि मुलं एक नाही चार. पाचव्या हिश्श्याचा चौथा भाग, विसावा हिस्सा. कंपनीने दोन एकर समजून प्रत्यक्षात अर्ध्या एकराचा हक्क घेतला होता. मी भिंतीवरच्या कागदावर त्या तिघांच्या चौकटी काढल्या तेव्हा माझा हात थरथरत होता.

हे एवढं का महत्त्वाचं, तर 2016 मध्ये साउथ कॅरोलिनाने वारसा जमिनीचा नवीन कायदा केला, क्लेमेंटा पिंकनी यांच्या नावाने. ते पाद्री होते, राज्याचे सिनेटरही, 2015 च्या जूनमध्ये चार्ल्सटनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये एका वर्णद्वेष्ट्याने गोळीबार करून नऊ जणांना मारलं त्यात ते गेले. या कायद्याने आता आधी जमिनीचं मूल्यांकन करावं लागतं आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा घ्यायची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते. दोन एकराचे पैसे या कुटुंबाला जन्मात जमले नसते, अर्ध्या एकराचे जमू शकतात.

जेवताना आंटींनी विचारलं, तू तर एवढ्या लांबची, तुला आमच्या जमिनीचं एवढं का गं लागतं? मी सांगितलं. माझे वडील गेले तेव्हा मी शाळेत होते, उदगीरजवळचं गाव, चार वर्षांनी आजोबा पण गेले. कायद्याने विधवा सुनेचा हिस्सा 1956 पासून आहे, पण मायला हे कोण सांगणार? चुलत्यांनी पीककर्जाचे कागद आहेत म्हणून तालुक्याला नेलं, निबंधकाच्या ऑफिसात अंगठा घेतला, ते हक्कसोडपत्र होतं. नंतर माय त्याच रानात रोजाने खुरपायला जायची आणि मजुरी चुलतीच्या हातून घ्यायची. मी लॉ केलं ते त्या अंगठ्यामुळे. लग्न होऊन इथे आले, व्हिसावर वर्षानुवर्षं कामाची परवानगी नव्हती, आणि परवानगी मिळाल्यावर ही जाहिरात दिसली तेव्हा दुसरीकडे कुठे अर्जच केला नाही.

आंटी ऐकून म्हणाल्या, 'तुझ्या आईचं नाव काय?' मी सांगितलं, त्यांनी दोनदा म्हणून बघितलं, आणि प्रार्थनेच्या वेळी ते नाव घेतलं. सातासमुद्रापलीकडच्या चर्चमध्ये माझ्या मायचं नाव. मी खूप रडले.

पुस्तिका हा काही पुरावा नाही, त्यामुळे पुढे खूप पळापळ झाली, सव्हानामधून पहिल्या लग्नाची नोंद काढली, तिन्ही मुलांचे जन्मदाखले आणले, एक जण वारलाय त्याची मुलं शोधली. मोठी मुलगी स्वतः फोनवर आली, म्हणाली मी माझा हिस्सा कुणाला विकणार नाही, सही कुठे करू तेवढं सांगा. आता मूल्यांकन व्हायचंय, कुटुंबाने पैसे गोळा करायला सुरुवात केलीय, आणि पुतण्याने पण डायलिसिसवरून येऊन प्रतिज्ञापत्र पाठवलं की आम्ही चौघं भावंडं आहोत. आंटी पुढच्या आठवड्यात शेजारच्या दोन घरच्यांना घेऊन ऑफिसला येणार आहेत, त्यांचा जमिनीचा टॅक्स थकलाय आणि अशा थकलेल्या जमिनींचा काउंटीचा लिलाव ऑक्टोबरमध्ये असतो, त्यांना मी येताना घरातल्या सगळ्या पुस्तिका आणायला सांगितल्यात.