माझं मत कॅल रॉलीलाच

बेसबॉलमधल्या अमेरिकन लीगचा २०२५चा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वात मोलाचा खेळाडू, नोव्हेंबर २०२५मध्ये जाहीर झाला. मतं प्लेऑफच्या, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांच्या, आधीच टाकून झालेली असतात, त्यामुळे माझ्या लिहिण्याने काही बदलणार नव्हतंच. पण २०२५चा मोसम मी सिएटलच्या मरिनर्ससाठी जीव टांगणीला लावून पाहिलाय आणि आमच्या कॅल रॉलीऐवजी ॲरन जजला पुरस्कार मिळाला, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जज थोरच. .३३१ची सरासरी (म्हणजे हजारात ३३१ हिट) आणि ५३ होम रन (क्रिकेटच्या सिक्ससारखे), वर काय बोलणार! रॉलीची सरासरी .२४७ आहे आणि वादात तीच पुढे केली जाते. पण त्याचे होम रन आहेत ६०. मुख्यतः कॅचर (बेसबॉलचा विकेटकीपर) म्हणून खेळणाऱ्याचा विक्रम साल्वादोर पेरेसचा होता, ४८. डावखुरी आणि उजवी अशी दोन्ही प्रकारे बॅटिंग करणाऱ्यांत मिकी मँटलचे ५४, तेही १९६१ पासून कुणी ओलांडले नव्हते. आमच्या क्लबचा विक्रम केन ग्रिफी ज्युनियरचा, ५६. तिन्ही एकाच मोसमात गेले. ५९वा आणि ६०वा रॉलीने २४ सप्टेंबरला एकाच मॅचमध्ये मारला आणि त्याच रात्री आम्ही २००१ नंतर पहिल्यांदा डिव्हिजन, म्हणजे लीगमधला आमचा गट, जिंकली.

आणि हे सगळं कॅचरने केलं! मी सांगलीत क्लब क्रिकेटला विकेटकीपिंग करायचो, म्हणून माझी नजर आपोआप प्लेटमागे, म्हणजे बॅटरच्या मागे, जाते. फास्ट बोलरला आपण निदान पंधरा पावलं मागे उभे राहतो. हा माणूस बॅटच्या अगदी मागे बसून ताशी दीडशे किलोमीटरच्या वरचे बॉल घेतो. कड लागून आलेला बॉल मास्कवर, मांडीवर, उघड्या बोटांवर बसतो. शिवाय पुढचा पिच (टाकलेला बॉल) कोणता असावा, हे पिचरला, म्हणजे बोलरला, सुचवायचं कामही त्याचंच.

एकदा फक्त त्याच्या ग्लोव्हकडे बघा. एक गुडघा जमिनीला टेकलेला, ग्लोव्ह आधीच मातीपर्यंत खाली नेलेला. गुडघ्याच्या खाली येणारा बॉल तो खालून वर येता येता पकडतो आणि तिथेच स्थिर धरतो. हात बॉलबरोबर खाली गेला तर तोच पिच अंपायरला ‘बॉल’ (ठरलेल्या चौकटीबाहेरचा) वाटतो, असा वर आला तर ‘स्ट्राइक’ (चौकटीतला). २०२४मध्ये त्याला लीगमधल्या सर्वोत्तम फील्डरचा प्लॅटिनम ग्लोव्ह मिळाला तो उगाच नाही. जजसारखं राइट फील्डमध्ये उभं राहून ५३ मारणं आणि हे करून ६० मारणं, माझ्या लेखी एका तराजूत बसत नाही.

प्लेऑफमधली डेट्रॉइटविरुद्धची पाचवी मॅच नेहमीच्या नऊऐवजी १५ इनिंग चालली, जवळजवळ पाच तास. त्यांचा पिचर स्कुबल, त्याने आमचे १३ जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. गिल्बर्ट आणि कास्तियो हे आमचे स्टार्टर्स (एरवी मॅचची सुरुवात करणारे पिचर) सुद्धा बुलपेनमधून, म्हणजे बदली पिचर म्हणून, आले. पिचर बदलत गेले, रॉली तिथेच बसलेला. शेवटी आमच्या पोलांकोच्या सिंगलवर (एका बेसच्या हिटवर) ३-२ जिंकलो तेव्हा मी इतका ओरडलो की शेजाऱ्यांचा मेसेज आला.

पुढे टोरोंटोत झालेल्या लीग फायनलच्या सातव्या मॅचचं दुःख अजून ओसरलेलं नाही. सातव्या इनिंगमध्ये ३-१ पुढे होतो, वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, आठ आउटवर होती. मरिनर्सने ती आजवर एकदाही खेळलेली नाही, अशी टीम आता आमची एकटीच. सेकंड आणि थर्ड बेसवर टोरोंटोचे रनर, समोर त्यांचा बॅटर जॉर्ज स्प्रिंगर. अशा वेळी तुमचा सर्वोत्तम पिचर हवा, म्हणजे आमचा क्लोझर (मॅचच्या शेवटी आणला जाणारा पिचर) आंद्रेस मुन्योस. आमचा मॅनेजर डॅन विल्सन, त्याने पिचर बझार्डोला आणलं आणि स्प्रिंगरने तीन रनांचा होम रन मारला. ४-३, मोसम संपला. क्लोझर नवव्या इनिंगसाठी राखून ठेवायचा हा हिशोब मला कधीच पटलेला नाही. नववी येईपर्यंत मॅच हातात राहायला हवी ना! विल्सन स्वतः मरिनर्सचा जुना कॅचर, म्हणून तर जास्तच लागलं.

मग वर्ल्ड सिरीज लॉस एंजेलिसच्या डॉजर्सने टोरोंटोला हरवून जिंकली. त्यातही मला दिसला तो त्यांचा कॅचर विल स्मिथ. तिसऱ्या मॅचच्या अठराच्या अठरा इनिंग त्याने प्लेटमागे काढल्या आणि सातव्या मॅचच्या अकराव्या इनिंगमध्ये जिंकून देणारा होम रनही त्याचाच.

२०२६पासून अंपायरच्या बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला आव्हान देता येतं. बॅटर, पिचर किंवा कॅचरने लगेच डोक्यावर टपली मारून मागायचं, डगआउटकडे बघायचं नाही. प्रत्येक टीमला चुकीची आव्हानं फक्त दोन. बरेच जण म्हणतात, आता ग्लोव्हच्या त्या कलेला किंमत उरणार नाही. मला तसं वाटत नाही. आव्हानं मोजकी असतील तर बाकीचे शेकडो पिच अंपायरच ठरवणार आणि ती मोजकी कधी वापरायची, हे सगळ्यात नीट कॅचरलाच दिसणार. रॉलीची किंमत त्याने वाढेलच.